हॅरी लॉडरची सुरुवातीची वर्षं, आणि त्याने आपल्या बोलीचं काय केलं

तुझा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. तू वाशिमकडचा, चाकणला कंपनीत नोकरी, शनिवार-रविवार पुण्यात वऱ्हाडीतून एकपात्री आणि विनोदी गाणी करतोस. गावाकडे ज्या वाक्याला हशा कोसळतो तेच वाक्य पुण्यात कोरडं जातं. कोणीतरी तुला सांगितलं की स्कॉटलंडच्या हॅरी लॉडर या विनोदी गायकाचं बघ, तो कोळशाच्या खाणीत होता, लंडनला गेला आणि एका रात्रीत स्टार झाला. तुझे प्रश्न दोन, त्याची सुरुवात खरंच अशी झाली का, आणि त्याने आपली बोली सोडली की ठेवली.

मी 28 वर्षं एकपात्री करतोय, त्यातली बरीच वऱ्हाडीतून, आणि हा माणूस माझ्या फार जवळचा आहे. त्याच्या रेकॉर्डी मी ऐकतो ते मजा म्हणून नाही, एखादा गवई दुसऱ्या गवयाच्या जागा ऐकतो तशा. म्हणून जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाच.

आधी एका रात्रीचं बघू. लंडनची रात्र 1900 सालातली, तेव्हा तो तिशीला टेकला होता, आणि पहिल्यांदा लोकांसमोर गायला तेव्हा तो 13 वर्षांचा होता. मधली सोळा-सतरा वर्षं लोक गाळतात, आणि तुझ्या कामाचं जे काही आहे ते सगळं त्या वर्षांत आहे.

जन्म 4 ऑगस्ट 1870 चा, एडिनबराला लागून समुद्रकाठी पोर्टोबेलो म्हणून गाव आहे तिथला, आईच्या माहेरच्या घरात. सात भावंडांत हा थोरला. वडील जॉन लॉडर कुंभारकामातले, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातले. चांगलं काम मिळालं म्हणून ते सगळ्यांना घेऊन इंग्लंडात डर्बीशायरला गेले आणि 1882 मध्ये न्यूमोनियाने वारले. आई इझाबेलाच्या हातात उरले विम्याचे 15 पौंड आणि सात पोरं. ती आपल्या माणसांकडे गेली, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथला, आणि थोरला म्हणून हॅरी तिथल्या फ्लॅक्सच्या गिरणीत लागला.

फ्लॅक्स म्हणजे आपलं जवस रे. आपण ज्याची चटणी करतो त्याच झाडाच्या खोडातून धागा निघतो आणि त्याचं लिनन होतं. आपल्याकडे दाण्यासाठी पेरतात, तिकडे धाग्यासाठी. हे कळलं तेव्हा मला का कोण जाणे तो पोरगा एकदम आपल्यातला वाटायला लागला. तर अशा पोरांना हाफ-टायमर म्हणायचे, अर्धा वेळ गिरणी आणि अर्धा वेळ शाळा, मुंबईच्या गिरण्यांतही त्या काळी अशी पोरं होतीच. शाळा पुढे चालू राहावी म्हणून हे काम होतं, म्हणजे अकरा-बारा वर्षांचं पोर स्वतःच्या शिक्षणाचा खर्च स्वतः काढत होतं.

याच आर्ब्रोथमध्ये ऑडफेलोज हॉलमध्ये एक व्हरायटी कार्यक्रम होता, तिथे तो पहिल्यांदा गायला आणि पहिलं बक्षीस म्हणून घड्याळ मिळालं. मला यात बक्षिसापेक्षा 'व्हरायटी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एकामागून एक वेगवेगळी माणसं येणार, कोणी गाणार, कोणी नाचणार, कोणी जादू करणार, आणि प्रत्येकाला मोजकी मिनिटं. तुझ्याआधी कोण होतं आणि तुझ्यानंतर कोण येणार हे तुझ्या हातात नाही. आपल्याकडे गॅदरिंगला किंवा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात ज्याने अशी दहा मिनिटं काढली आहेत त्याला हे लगेच कळेल. स्वतःचं पूर्ण दोन तासांचं एकपात्री करणं एक वेळ सोपं, कारण तिथे लोक तुझ्यासाठीच आलेले असतात.

1884 मध्ये कुटुंब हॅमिल्टनला गेलं, ग्लासगोच्या दक्षिणेला, पूर्ण कोळशाचा पट्टा. तिथे मामा होता, अलेक्झांडर, त्याने भाच्याला एडलवुड खाणीत चिकटवलं, पगार आठवड्याला 10 शिलिंग. आणि मग तो जवळजवळ दहा वर्षं खाणीतच होता.

खाण हा शब्द आपण पटकन वाचून पुढे जातो म्हणून इथे थांबतो. हॅमिल्टनच्या शेजारी ब्लँटायर आहे, तिथे 22 ऑक्टोबर 1877 ला खाणीत स्फोट झाला, 207 माणसं गेली, स्कॉटलंडच्या इतिहासात एवढा मोठा खाण-अपघात दुसरा नाही. हॅरी तिकडे राहायला गेला तेव्हा त्याला फक्त सात वर्षं झाली होती, म्हणजे आजूबाजूच्या घराघरात कोणी ना कोणी गेलेलं असणार. आणि हॅरी खाणीत असतानाच, 28 मे 1887 ला, हॅमिल्टनजवळच्याच उडस्टन खाणीत स्फोट होऊन 73 जण गेले. तेव्हा हा सोळा वर्षांचा. त्याच्या गाण्यात जे खळखळून हसणं ऐकू येतं ना, ते या गावातून आलेलं आहे. पुढे मोठेपणी तो खाणमजुरांबद्दल आणि खाणीतल्या घोड्यांबद्दल जाहीरपणे बोलायचा, तेही इथलंच.

तर खाणीत तो सोबतच्या लोकांना गाणी म्हणून दाखवायचा आणि त्यांनीच त्याला आग्रह केला की बाहेर जाऊन गा. आता हे माझं स्वतःचं मत आहे, पण मला ते पक्कं वाटतं: जमिनीखाली कंदिलाच्या उजेडात तुझा चेहरा कोणाला धड दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, समोरचा दमलेला आहे, आणि त्याला हसवायला तुझ्याकडे फक्त आवाज आणि शब्द. शब्द स्पष्ट नसेल तर काहीच नाही. पुढे हा माणूस रेकॉर्डवर इतका का चालला, जिथे ऐकणाऱ्याला चेहरा दिसतच नाही, याचं एक कारण मी तरी इथे शोधतो.

गाण्याचे पहिले पैसे मिळाले जवळच्या लार्कहॉलमध्ये, 5 शिलिंग. खाणीत लागला तेव्हा आठवड्याचे 10 मिळत होते, म्हणजे एका संध्याकाळी अर्ध्या आठवड्याची पोरवयातली कमाई. पहिली नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मिळाल्यावर पोटात जे होतं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्याचंही तेच झालं असेल. पण त्याने खाण सोडली नाही. 1891 मध्ये लग्न केलं, बायको अ‍ॅन व्हॅलन्स, तिला सगळे नॅन्स म्हणायचे, तिचे वडील हॅमिल्टनच्याच एका खाणीत मॅनेजर. त्याच वर्षी मुलगा झाला, जॉन. म्हणजे संसार, पोर, दिवसा खाण आणि जमेल तेव्हा गाणं, असं हे काही वर्षं चाललं. तुला नोकरी सोडायची घाई झाली आहे हे तुझ्या मेसेजमध्ये दिसतं म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता ग्लासगो. तिथे स्टॉकवेल स्ट्रीटवर स्कॉशिया म्युझिक हॉल होता (म्युझिक हॉल म्हणजे गाणी, विनोद, व्हरायटीचं थिएटर), पुढे त्याचं नाव मेट्रोपोल झालं. तो चालवायची एक बाई, मिसेस क्रिस्टिना बेलिस, आणि तिने आठवड्यातली एक रात्र नवख्यांसाठी ठेवली होती, 'गो अ‍ॅज यू प्लीज' म्हणायचे, म्हणजे कोणीही या आणि काय येतं ते करून दाखवा. आपल्याकडचं ओपन माइक, फक्त प्रेक्षक फार कडक. गोदीतली, कारखान्यातली माणसं, दिवसभर राबून आलेली, तिकिटाला स्वतःचे कष्टाचे पैसे मोजलेली, आवडलं तर डोक्यावर घेणार आणि नाही आवडलं तर तुझं वाक्य पूर्ण होऊ देणार नाहीत. ग्लासगोत ट्राँगेटवर ब्रिटानिया नावाचा दुसरा हॉल आहे, त्याची इमारत अजून उभी आहे, तिथल्या प्रेक्षकांबद्दल तर असं सांगतात की नाही आवडलं की जहाजाच्या कारखान्यातले रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे लोखंडी खिळे, फेकून मारायचे.

लॉडर स्कॉशियात जाऊन गायला. बेलिसबाईंनी त्याला नाकारलं नाही आणि लगेच मोठं कामही दिलं नाही. त्यांनी सल्ला दिला की एखाद्या कॉन्सर्ट पार्टीबरोबर गावोगाव हिंड, वेगवेगळ्या हॉलमध्ये काम कर, अनुभव घे. आणि त्याने ऐकलं. मला ही बाई फार मोठी वाटते. माझ्या सुरुवातीला मला असं सांगणारा एकच माणूस भेटला, आमच्याकडच्या एका तमाशा फडातला म्हातारा सोंगाड्या, तो म्हणाला होता की पाच गावांत हसले तर तुझं नशीब, पन्नास गावांत हसले तर तुझं काम. तेव्हा मला राग आला होता. आज मी तेच नव्या पोरांना सांगतो.

कॉन्सर्ट पार्टी म्हणजे छोटी मंडळी, एक-दोन गाणारे, एखादा वाजवणारा, एक विनोदी, आणि रोज नवं गाव. या दौऱ्यामुळेच त्याला खाण सोडता आली, 1894 पर्यंत तो पूर्णवेळ कलाकार झाला होता, चोवीस वर्षांचा. पुढे मॅकेन्झी मर्डोक नावाच्या व्हायोलिनवाल्याबरोबर त्याने स्वतःच्या पार्ट्या काढून दौरे केले. जोडी बघ कशी आहे, एक जण डोळ्यांत पाणी आणणार आणि दुसरा हसवणार, व्हायोलिन संपून हॉल जरा गप्प झालेला असताना विनोदी माणसाने एंट्री घ्यायची. ज्याला ती शांतता मोडून पहिला हशा घ्यायला जमलं त्याला बाकी काहीही जमेल.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

या काळात तो काय करायचा? स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या छोट्या हॉलमध्ये तिथल्या ओळखीच्या माणसांची सोंगं करायचा, गावातले नमुने, आणि त्यासोबत स्कॉटिश आणि आयरिश विनोदी गाणी. आयरिश का? कारण त्या वेळी इंग्लंडच्या हॉलमध्ये आयरिश विनोदी पात्राला तयार गिऱ्हाईक होतं, लोकांना ते माहीत होतं, ते लगेच कळायचं. स्कॉटिश बोलीचं तसं नव्हतं. ग्लासगोत जो शब्द उच्चारताच हशा येतो तो लिव्हरपूलला कळत नाही. तुझं आणि पुण्याचं जे आहे तेच.

मग ती बर्कनहेडची गोष्ट. बर्कनहेड म्हणजे लिव्हरपूलसमोर नदीपलीकडचं गाव, तिथे आर्गाइल थिएटर होतं, व्हरायटीचं नामांकित घर, पुढे 1940 मध्ये बॉम्बफेकीत ते गेलं. तिथे लॉडर आयरिश विनोदी गायक म्हणून लागला होता. लोकांनी वन्स मोअर दिला, परत दिला, परत दिला, आणि त्याच्याकडची आयरिश गाणी संपली. आता करणार काय, म्हणून त्याने आपलं स्कॉटिश गाणं काढलं. आणि तेच चाललं. लोक ही गोष्ट योगायोग म्हणून सांगतात. मी ती वेगळी वाचतो. तोपर्यंत ते इंग्लिश प्रेक्षक त्याला अर्धा तास ओळखत होते, त्याचा चेहरा, त्याचं हसणं, तो कुठे थांबतो, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मग बोली आली तेव्हा ती परकी वाटली नाही, कारण माणूस आधीच ओळखीचा झाला होता.

यावर माझाच एक अनुभव. माझ्या एका प्रयोगात बाजारातून येणाऱ्या म्हातारीचा प्रसंग आहे, आणि त्यात कळीचा शब्द आहे सांबार. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तुला सांगायला नको. अकोला, अमरावती, यवतमाळ, कुठेही त्या जागेला हशा आला नाही असं झालं नाही. पुण्यात पहिल्यांदा केली, सातशे माणसांचं नाट्यगृह, आणि एकदम शांत. सातशे लोक इडलीसोबतच्या सांबाराचा विचार करत बसले होते. त्या रात्री परत येताना गाडीत मी ठरवलं होतं की पुण्यासाठी शब्द बदलायचा, कोथिंबीर करायचा. दुसऱ्या प्रयोगात केला आणि काय झालं माहीत आहे, लोकांना सगळं कळलं आणि कोणी हसलं नाही. म्हातारीच गेली ना त्यातून! कोथिंबीर म्हणणारी ती बाई आमच्या गावची राहिलीच नाही.

मग तिसऱ्या वेळी मी शब्द ठेवला, पण त्याच्याआधी तीन मिनिटं म्हातारीला भाजीवाल्याशी भांडायला लावलं, 'दहा रुपयाले येवढुशी सांबाराची जुडी? काहून बापा?' जुडी म्हटल्याबरोबर आणि हाताने जुडी झटकून पाणी उडवल्याबरोबर लोकांना कळलं, पहिल्यांदा थोडं हसू आलं, आणि तीन मिनिटांनी जेव्हा खरी जागा आली तेव्हा तो शब्द त्यांचा झालेला होता. त्या दिवसापासून पुण्यात ती जागा गावाकडच्यापेक्षा जोरात जाते, कारण शिकलेला शब्द वापरायला मिळाला याचा त्यांना आनंद होतो.

लॉडरने लंडनसाठी हेच केलं. मार्च 1900 मध्ये तो लंडनला गेला आणि तोवर त्याने जुनी स्थानिक सोंगं बाजूला ठेवली होती. बोलीचा जाडपणा कमी केला, कारण राजधानीत स्कॉटिश कलाकारांची गाडी तिथेच अडायची. चेरिंग क्रॉस म्युझिक हॉल आणि लंडन पॅव्हेलियनमध्ये त्याने स्वतः रचलेली तीन गाणी अशी चालली की 'द इरा' या नाटकवाल्यांच्या पेपरने त्याची दखल घेतली. त्या सुरुवातीच्या गाण्यांत 'टोबरमोरी' आणि 'द लास ऑफ किलीक्रँकी' ही स्कॉटिश होती आणि 'कॅलिगन, कॉल अगेन' आयरिश, म्हणजे आयरिश पुलावरून चालत तो आपल्या स्कॉटिश गावात लोकांना घेऊन गेला.

बोली कमी केली म्हणजे नेमकं काय केलं ते रेकॉर्डी ऐकून मला जे कळलं ते सांगतो. त्याने उच्चार ठेवला. तो कंठातला खरखरीत ख, तो घोळवलेला र, स्वरांची लांबी, सगळं ठेवलं. वी म्हणजे छोटा, लॅसी म्हणजे पोरगी, बॉनी म्हणजे देखणी, असे जे शब्द कुठल्याही इंग्लिश माणसाला अंदाजाने कळतील ते ठेवले, उलट ते जास्त वापरले. आणि ज्या शब्दावर कथा अडेल तो शब्द काढला किंवा गाण्यात आधीच समजावून टाकला. म्हणजे कान म्हणतो हा पक्का स्कॉटिश, आणि डोकं म्हणतं मला सगळं कळतंय. तुला मी हेच सुचवतोय. 'येऊन राह्यलो', 'जाऊन राह्यलो' हे सोडू नको, ते पुण्याला कळतं आणि आवडतं. अडतात ती नामं, वस्तूंची नावं, नात्यांच्या हाका. तिथे काम कर.

दुसरी गोष्ट गाण्याच्या बांधणीची. त्याचा एक आयटम फक्त गाणं नसायचा. कडवं, मग धृपद, मग मध्येच संगीत थांबून किंवा मागे हळू चालू ठेवून तो बोलायला लागायचा, ज्या पोरीबद्दल गातोय तिच्याबद्दल, तिच्या आईबद्दल, काल काय झालं त्याबद्दल, स्वतःच मध्ये हसायचा, आणि मग परत कडवं. आपल्या भाषेत सांगायचं तर गाण्याच्या पोटात बतावणी. आणि धृपद इतकं सोपं की दुसऱ्या वेळी सगळं थिएटर झीलकऱ्यासारखं उचलून धरणार. बोली कळो न कळो, धृपद तोंडात बसलं की तो माणूस तुझा. म्युझिक हॉलमध्ये एकाच रात्री दोन-तीन ठिकाणी घोडागाडीने पळत प्रयोग करायचे असत, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, त्यामुळे पसारा चालतच नाही, पहिल्या अर्ध्या मिनिटात मी कोण हे कळलंच पाहिजे.

म्हणून तो पोशाख. किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घागरा, टोपी, आणि वाकडीतिकडी पिळलेली काठी. ती काठी इतकी प्रसिद्ध झाली की पिळदार फांद्यांच्या एका हेझल झाडाला आजही बागवाले हॅरी लॉडरची काठी म्हणतात. पोशाखाने बोलीचं अर्धं काम केलं, तोंड उघडायच्या आधी प्रेक्षकाला कळलं की आता स्कॉटिश ऐकायचं आहे. पण यात एक गोष्ट आहे जी तुझ्यापासून लपवणार नाही. किल्ट हा डोंगराळ भागातल्या हायलँडच्या लोकांचा वेश, आणि लॉडर वाढला गिरणी आणि खाणीत, लोलँडच्या, म्हणजे सखल भागातल्या, कामगार वस्त्यांत. जे आयुष्य तो जगला होता, कोळसा, स्फोट, हाफ-टायमर पोरं, ते त्या पोशाखात कुठेच नाही. स्कॉटलंडमधल्याच लोकांनी, कवी ह्यू मॅकडायर्मिडने तर फार कडक शब्दांत, त्याच्यावर टीका केली की याने जगाला खोटा स्कॉटलंड विकला. मला ती टीका पूर्ण पटत नाही पण ती खोटीही वाटत नाही. धोतर, रुमाल आणि हातात तुतारी घेतली की पुण्यात पहिली टाळी मिळते, मीही घेतली आहे. दहा वर्षं घेतल्यावर मला एक दिवस जाणवलं की माझे वडील आयुष्यभर पँट-शर्टात एसटीत कंडक्टर होते आणि त्यांचं एकही वाक्य माझ्या प्रयोगात नाही. आता आहे. तुझ्या चाकणच्या शॉपफ्लोरचं वऱ्हाडी माझ्या माहितीत अजून कोणी स्टेजवर आणलेलं नाही, याचा जरूर विचार कर.

पुढचं पटकन सांगतो. 1902 मध्ये त्याने पहिल्या रेकॉर्डी केल्या, ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीसाठी. हीच ती कंपनी, जिच्या फ्रेड गाइसबर्गने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या कर्ण्यात, इकडे आपली ठुमरी-ख्याल गाणारी बाई आणि तिकडे खाणीतून आलेला हा विनोदी गडी. दोघांपुढे अडचण एकच, दोन-तीन मिनिटांत सगळं बसवायचं आणि कर्ण्यात तोंड घालून गायचं, समोर प्रेक्षक नाही. लॉडरने त्यावर काय केलं, तर प्रेक्षक नाही म्हणून स्वतःच हसला. ते हसणं पुढे त्याची ओळख झालं, आणि दहा लाख रेकॉर्डी विकणारा तो पहिला ब्रिटिश कलाकार ठरला.

आणि 1905. ग्लासगोच्या थिएटर रॉयलमध्ये नाताळचा पँटोमाइम होता, 'अल्लाउद्दीन', हॉवर्ड अँड विंडहॅम कंपनीचा. पँटोमाइम म्हणजे मूकनाट्य नव्हे हां, तिकडे नाताळात लहान-थोर सगळ्यांसाठी गाणी, नाच, विनोद असा मोठा खेळ असतो, आठवडेच्या आठवडे चालतो. त्यात लॉडरचं पात्र होतं रॉडरिक मॅकस्वँकी आणि त्यासाठी त्याने जेराल्ड ग्राफ्टनबरोबर 'आय लव्ह अ लॅसी' हे गाणं केलं. याने तो देशभर गेला, मोठ्या थिएटरांच्या साखळीवाल्या सर एडवर्ड मॉसची कंत्राटं मिळाली, 1907 मध्ये अमेरिका. तिथून पुढे सुरुवातीची वर्षं संपतात, म्हणून मीही तिथे थांबतो.

एक बघ मात्र, लंडन जिंकल्यावर पाच वर्षांनी त्याला सगळ्यात मोठं यश कुठे मिळालं, तर ग्लासगोत, घरच्या प्रेक्षकांपुढे, ज्यांना मूळ जाड बोलीही येत होती. लंडनसाठी घासून घासून साफ केलेली बोली घरच्यांनी नाकारली नाही. ही भीती तुलाही आहे ना, की पुण्यासाठी बदललं तर वाशिमवाले म्हणतील पोट्टा बदलला? माझी सांबाराची जुडी मी परत अकोल्यात नेली, भाजीवाल्याच्या भांडणासकट. तिथे त्या शब्दाला समजावून सांगायची काहीच गरज नव्हती, तरी ते भांडण आता तिथेही ठेवलंय, कारण म्हातारी त्याने जास्त जिवंत झाली.

ऐकायला सुरुवात कर 'स्टॉप युअर टिकलिंग, जॉक' पासून, ते जवळजवळ पूर्ण हसण्यावरच उभं आहे, शब्द कमी कळले तरी चालतील. पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बस आणि तो कुठे श्वास घेतो, कुठे बोलायला लागतो, कुठे हसतो एवढंच लिही. मग 'आय लव्ह अ लॅसी' लाव आणि तुला न कळलेले शब्द मोज, फार थोडे निघतील. नंतर तुझ्या पुण्यातल्या शेवटच्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग काढ आणि तेच कर, पुण्यातल्या माणसाला कोणते शब्द अडले असतील त्यावर खूण कर. ती यादी मला पाठव, आपण एकेक शब्द घेऊन बसू, कुठला ठेवायचा, कुठला आधी पेरायचा आणि कुठला काढायचा.